हालचालीचा पोत : लकडगंजातील टालीपासून रंगमंचापर्यंत

नृत्य किंवा अभिनय पाहताना प्रेक्षकाचे लक्ष बहुधा दोन गोष्टींकडे असते : कलावंताचा कोणता अवयव हलला आणि हलून तो कोणत्या आकारात स्थिरावला. हात वर गेला, मान वळली, बोटांची पताका झाली की कटकामुख झाले, एवढे टिपले म्हणजे हालचाल समजली असे मानण्याची सवय समीक्षेलाही आहे. प्रत्यक्षात एकच हात एकाच उंचीपर्यंत नेणारे दोन नट दोन अगदी वेगळी माणसे वाटू शकतात, कारण एकाचा हात सगळे स्नायू ताणून सावकाश वर चढतो आणि दुसऱ्याचा हात सहज, क्षणार्धात, वजनच नसल्यासारखा वर जातो. दोघांचा आकार सारखा असतो. जोराचा वापर, वेळेशी असलेले नाते, दिशेचा नेमकेपणा आणि स्वतःला आवरून धरण्याचे प्रमाण मात्र निराळे असते. या निराळेपणाला हालचालीचा पोत किंवा हालचालीचे गुण म्हणता येईल, आणि रंगमंचावरील व्यक्तीविषयी प्रेक्षकाचे जे मत पहिल्या काही क्षणांत, संवाद सुरू होण्यापूर्वीच बनते, ते मुख्यतः या गुणांवरून बनते.

श्रम आणि नृत्य यांचे नाते

या गुणांचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकात ज्याने केला तो रुडॉल्फ लाबान हा नर्तक आणि नृत्यरचनाकार होता. त्याचा जन्म 1879 साली तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा या शहरात झाला. संगीताला जशी स्वरलिपी असते तशी नृत्याची लिपी त्याने 1928 साली प्रसिद्ध केली आणि तिच्यामुळे कोणता अवयव, कोणत्या दिशेला, किती वेळ हलतो हे कागदावर उतरवणे शक्य झाले. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने त्याने बसवलेला समूहनृत्याचा कार्यक्रम नाझी राजवटीला रुचला नाही. त्याच्या कामावर बंधने आली आणि अखेर त्याला इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील पुरुष कामगार सैन्यात गेल्यामुळे कारखान्यांतील जड कामे स्त्रियांकडे आली होती. तेव्हा एफ. सी. लॉरेन्स या उद्योग-सल्लागाराबरोबर लाबानने कामगारांच्या हालचालींचे निरीक्षण सुरू केले. केवळ दंडाच्या बळावर वजन उचलण्याऐवजी शरीराला झोका देऊन त्या झोक्यातील वेगावर वजन हलवले, तर कमी थकवा येऊन तेच काम होते, अशा प्रकारचे बदल या निरीक्षणातून सुचले. दोघांनी मिळून 1947 साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि 1950 साली लाबानने तोच विचार रंगभूमीसाठी स्वतंत्र ग्रंथात मांडला. आज जगभरच्या नाट्यशाळांत शिकवले जाणारे हालचालींचे विश्लेषण अशा रीतीने नृत्यशाळेइतकेच कारखान्याच्या जमिनीवर घडलेले आहे.

हे लक्षात घेतले म्हणजे नागपूरचा लकडगंज हा भाग या विषयाच्या अभ्यासासाठी किती सोयीचा आहे हे ध्यानात येते. शहराच्या पूर्वेला, इतवारीच्या बाजारपेठेला लागून असलेली ही वस्ती नावाप्रमाणेच लाकडाच्या व्यापारावर वाढली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील सागवान देशभर नावाजलेले आहे आणि विदर्भात घर बांधणाऱ्याला चौकटीसाठी, दारासाठी किंवा पलंगासाठी लाकूड हवे असेल तर लकडगंजातील टाल (लाकडाची वखार) आणि आरामशिनी त्याच्या परिचयाच्या असतात. येथे ओंडके वाहणारा हमाल आणि फळीवर रंधा मारणारा सुतार यांच्या शरीरांत हालचालींचे जवळजवळ सर्व गुण दिवसभर उघडपणे पाहायला मिळतात.

चार घटक

लाबानच्या मांडणीनुसार प्रत्येक हालचालीत चार घटक असतात : भार, काळ, अवकाश आणि ओघ. भार म्हणजे शरीर आपल्या वजनाचा उपयोग कसा करते, जोरकसपणे की हळुवारपणे. काळ म्हणजे घड्याळातील मिनिटे नव्हेत. वेळेकडे पाहण्याची शरीराची वृत्ती येथे अभिप्रेत आहे, ती घाईची आणि अचानक असू शकते किंवा रेंगाळणारी, क्षण लांबवणारी असू शकते. अवकाश म्हणजे हालचालीचे लक्ष एकाच बिंदूवर थेट खिळलेले आहे की वळणे घेत चहूकडे पसरलेले आहे. ओघ म्हणजे हालचाल कोणत्याही क्षणी थांबवता येईल अशी आवरून धरलेली, बद्ध आहे की एकदा सुटल्यावर सहज न थांबणारी, मुक्त आहे. प्रत्येक घटकाला दोन टोके असून त्यांच्यामध्ये असंख्य पायऱ्या असतात आणि माणूस दिवसभर या पायऱ्यांवरून नकळत चढउतार करीत असतो.

दोन हमाल लांब ओंडका खांद्यावर घेऊन चालतात, तेव्हा हे चारही घटक एकाच वेळी स्पष्ट दिसतात. खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या घडीवर वजन येताच गुडघे किंचित वाकतात, पाऊल आखूड पडते आणि संपूर्ण तळवा जमिनीला लागतो. भार दंडात नसून पायांत आणि कंबरेत उतरलेला असतो. अचानक थांबणे त्यांना शक्य नसते, म्हणून थांबण्याची तयारी आधीच्या दोन-तीन पावलांपासून सुरू होते. वळताना पुढच्या माणसाला मोठे वर्तुळ घ्यावे लागते, कारण ओंडक्याचे मागचे टोक त्याच्या दिसण्याबाहेर फिरत असते, आणि एवढ्यासाठी त्याची नजर समोर थेट असली तरी लक्ष पाठीमागे पसरलेले असते. ओघ पूर्णपणे बद्ध असतो, कारण क्षणभर सैल सोडले तरी इजा होते. ओंडका खाली टाकताच तोच ओघ मोकळा होतो, खांदे झटकले जातात, श्वास सुटतो आणि पुढची काही पावले प्रमाणाबाहेर हलकी पडतात.

रंगमंचावर रिकाम्या हातांनी ओझे वाहण्याचा अभिनय करणाऱ्या नवख्या नटाची चूक नेमकी येथे कळते. तो दंड फुगवतो, चेहरा पिळवटतो, कण्हतो. पण त्याची पावले मात्र फिरायला निघालेल्या माणसासारखीच मोकळी पडत असतात. ओझे उचलण्याचा अभिनय बहुतेकांना साधतो, ओझे ठेवल्यानंतरचा हलकेपणा फार थोड्यांना साधतो, आणि ओझे खरे वाटणे हे या दुसऱ्या क्षणावर अवलंबून असते.

आठ मूलभूत क्रिया

भार, काळ आणि अवकाश या तीन घटकांची दोन-दोन टोके एकत्र केली म्हणजे आठ संयोग तयार होतात. लाबानने त्यांना मूलभूत क्रिया मानले. सुताराच्या कामात या आठही क्रिया सापडतात. फळीवर रंधा मारताना जोर लागतो, हालचाल लांबते आणि दिशा सरळ असते : हे रेटणे. हातोडीने खिळा ठोकताना जोर आणि दिशा तीच राहते, परंतु काळ अचानक होतो : हा ठोसा. गिरमिट फिरवून लाकडाला भोक पाडताना जोर सतत लागतो, दिशा मात्र वळत राहते : हे पिळणे. कुऱ्हाडीने फांद्या छाटताना जोर आणि अचानकपणा असतो, पण हात मोठ्या कमानीतून फिरतो : हा सपकारा. या चार जोरकस क्रियांच्या समोर चार हळुवार क्रिया आहेत. पॉलिशची चिंधी रेषेच्या दिशेने सरळ, संथपणे फिरवणे म्हणजे सरकणे. पेन्सिलीने मोजून फळीवर खूण करणे म्हणजे टिपणे. फळीवरचा भुसा बोटांनी उडवणे म्हणजे झटकणे. आणि काम झाल्यावर कुठे खडबडीत राहिले आहे का हे पाहण्यासाठी पृष्ठभागावरून तळहात इकडेतिकडे फिरवणे म्हणजे तरंगणे.

नटाला या आठ क्रियांचा उपयोग अंगविक्षेप म्हणून करायचा नसतो. एखाद्या पात्राची मूळ क्रिया कोणती हे ठरवले की त्याचे चालणे, पाहणे, बसणे आणि बोलणेही तिच्या अनुषंगाने रंगते. सतत रेटणाऱ्या सावकाराचे वाक्य रेटत येते, झटकणाऱ्या माणसाचे उत्तर तुटक येते, तरंगणाऱ्या माणसाची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर ठरत नाही. शिक्षक वर्गात एकच वाक्य, 'या, बसा', आठ क्रियांत म्हणून घेतात, तेव्हा आगतस्वागतापासून धमकीपर्यंत आठ प्रसंग त्या दोन शब्दांतून उभे राहतात. ब्रिटिश दिग्दर्शिका जोन लिटलवुड हिच्या थिएटर वर्कशॉप या संस्थेने नटांच्या तालमीत लाबानच्या पद्धतीचा वापर आवर्जून केला होता.

भारतीय परंपरेतील मांडणी

हालचालीचा आकार आणि हालचालीचा गुण यांतील भेद भारतीय परंपरेला अपरिचित होता असे मात्र नाही. नाट्यशास्त्रात हात, पाय आणि कंबर यांच्या संयोगातून होणारी 108 करणे सांगितली आहेत. ती आकार आणि गतीची वर्णने आहेत. त्याच ग्रंथात तांडवाचा उद्धत आणि लास्याचा सुकुमार स्वभाव वेगळा मानला आहे, नाट्यप्रयोगांचे आविद्ध आणि सुकुमार असे दोन प्रकार केले आहेत, आणि कैशिकी व आरभटी या वृत्तींमधून कोमल आणि आवेशपूर्ण व्यवहारांतील फरक दाखवला आहे. पात्रांच्या चालीवर तेथे स्वतंत्र अध्याय आहे. उत्तम पात्राने विलंबित, मध्यम पात्राने मध्य आणि अधम पात्राने द्रुत लयीत चालावे असा नियम त्यात दिलेला आहे आणि रस, वय, अवस्था यांप्रमाणे चाल बदलण्याचे मार्गदर्शनही आहे. उच्च-नीच पात्रांची ती विभागणी आजच्या रंगभूमीला मान्य होण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला घाई करावी लागत नाही, हे त्या नियमामागचे निरीक्षण आजच्या कोणत्याही कार्यालयात पडताळता येते.

या परंपरेचा एक महत्त्वाचा दुवा महाराष्ट्राच्या भूमीवर आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला आणि त्याचा शेवटचा अध्याय संपूर्णपणे नर्तनाला दिला. विसाव्या शतकात पुण्याच्या कथक नर्तिका रोहिणी भाटे यांनी एकीकडे संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला आणि दुसरीकडे आधुनिक नृत्याची अग्रदूत मानली जाणारी इझाडोरा डंकन हिचे आत्मचरित्र मराठीत आणले. आपल्या शैलीत रुजूनही दुसऱ्या परंपरेतील हालचालींकडे कुतूहलाने पाहता येते याचे हे ठळक उदाहरण आहे.

अभिजात नृत्यशैलींतील भेदही गुणांच्या आधारे अधिक नीट समजतात. भरतनाट्यमचे अडव अर्ध्या बैठकीतून, सरळ रेषांत, थेट अवकाशात घडतात. ओडिसीचा त्रिभंग शरीराला वळण देतो आणि तेथे थेटपणा कमी होतो. कथकमधील चक्करांत ओघ मुक्त असतो, पण तिहाईच्या शेवटी समेवर येताना तोच ओघ एका क्षणात बद्ध होतो. प्रेक्षकांतून उमटणारी दाद चक्करांच्या संख्येला असते असे वाटले तरी ती पुष्कळदा या क्षणभरातील परिवर्तनाला असते.

विदर्भाची आणि मराठी रंगभूमीची साक्ष

लकडगंजात सागवान ज्या पूर्व विदर्भातून येते त्याच झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या पट्ट्यात, महाराष्ट्रातील एक जिवंत लोकरंगभूमी आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार रंगतात, आणि देसाईगंज ऊर्फ वडसा येथील नाटकमंडळ्या हंगामभर रात्रीमागून रात्री प्रयोग करतात. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाचे लक्ष तिच्याकडे वळले. झाडीपट्टीतील नटाची हालचाल शहरी प्रेक्षकाला कधीकधी भडक वाटते; परंतु उघड्या मैदानात शेवटच्या रांगेतील माणसापर्यंत पोहोचायचे असेल तर भार जोरकस, दिशा थेट आणि बदल स्पष्ट असावा लागतो, आणि तीनशे आसनांच्या सभागृहासाठी ठरवलेले माप तेथे लावणे न्यायाचे नाही. खडी गंमतीत शाहीर बहुतेक जागेवर उभा राहून आवाजाने आणि हाताने आसमंत व्यापतो, तर स्त्रीवेशातील नाच्या त्याच्याभोवती हलक्या, अचानक वळणाऱ्या हालचालींनी फिरतो. या दोघांच्या गुणांतील विरोध हा त्या प्रकाराच्या रंगतीचा मोठा भाग आहे.

लावणीतही असाच भेद आढळतो. फडावर उभे राहून सादर होणाऱ्या लावणीत ढोलकीच्या थापेवर पायाचा आघात जोरकस आणि अचानक असतो. बैठकीच्या लावणीत पाय जवळजवळ थांबलेले असतात आणि सारे काम मनगट, मान, भुवया आणि नजर यांच्याकडे येते. तेथे हालचाल हळुवार, रेंगाळणारी आणि आवरून धरलेली होते. यमुनाबाई वाईकर यांनी बैठकीच्या लावणीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली तिच्यामागे गायकीइतकीच ही अदाकारी होती. हालचाल जितकी लहान तितका तिचा गुण महत्त्वाचा ठरतो, कारण पाहणाऱ्याला लक्ष ठेवण्यासाठी दुसरे काही उरत नाही.

आधुनिक मराठी नाटकातील दोन उदाहरणे येथे पुरेशी आहेत. 1972 साली रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल' या विजय तेंडुलकरांच्या नाटकात, जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली आणि कृष्णदेव मुळगुंद यांच्या नृत्यरचनेतून, ब्राह्मणांच्या रांगेची मानवी भिंत उभी राहिली. ही भिंत डोलते, गाते, फुटते आणि पुन्हा जुळते. तिचा ओघ कधी भजनातल्यासारखा सैल असतो, तर कधी काही लपवायचे असल्याने आवळलेला असतो, आणि समाजाची संमती व समाजाचे दुर्लक्ष या दोन्ही गोष्टी शब्दांवाचून या बदलातून कळतात.

दुसरे उदाहरण नागपूरला कर्मभूमी मानणाऱ्या महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' या 1985 साली रंगमंचावर आलेल्या नाटकाचे आहे. विदर्भातील धरणगावकर देशपांडे यांच्या पडक्या वाड्यात सर्वांचा काळ संथ आहे, पण प्रत्येकाचा संथपणा वेगळा आहे. अंथरुणाला खिळलेल्या दादीचा संथपणा वार्धक्याचा, मोठ्या भावाचा पोकळ अधिकाराचा आणि घरची कामे मुकाट्याने उपसणाऱ्या चंदूचा सोशिकतेचा आहे. घराण्याचे दागिने वहिनी अंगावर चढवते तो प्रवेश अभिनेत्रीची कसोटी पाहणारा आहे, कारण सोन्याचे खरे वजन, त्या वजनाने येणारा ताठा आणि वर्षानुवर्षे दबून राहिलेल्या बाईला क्षणभर वाटणारा हलकेपणा हे परस्परविरोधी गुण एकाच शरीरात दिसावे लागतात. तेथे नुसता संथपणा दाखवला तर प्रवेश कंटाळवाणा होतो.

कल्पनेची बाजू आणि पद्धतीची मर्यादा

लाबानने बाहेरून, निरीक्षणातून सुरुवात केली. रशियन नट आणि शिक्षक मायकेल चेखव याने त्याच प्रश्नाला कल्पनेच्या बाजूने हात घातला. नाटककार अंतोन चेखवच्या या पुतण्याने 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नटासाठी चार प्रकारच्या हालचाली सुचवल्या : घडवणे, तरंगणे, उडणे आणि प्रकाश फेकणे. पहिल्या प्रकारात भोवतालची हवा ओल्या मातीसारखी घट्ट आहे आणि प्रत्येक हालचालीने तिच्यात आकार कोरला जातो अशी कल्पना नट करतो. दुसऱ्यात पाणी त्याला उचलून धरते, तिसऱ्यात हवा त्याला वाहून नेते आणि चौथ्यात शरीरातून निघणारे किरण हालचालीच्या आधी पोहोचतात व नंतरही टिकतात. चेखवचा अनुभव असा की स्नायूंना दिलेल्या आज्ञेपेक्षा अशी कल्पना शरीरात लवकर उतरते आणि तिच्यामागोमाग भावनाही जागी होते.

या सर्व मांडणीला एक महत्त्वाची मर्यादा आहे. कोणत्याही गुणाला ठरलेला अर्थ नसतो. जोरकस आणि अचानक हालचाल म्हणजे राग, हळुवार आणि रेंगाळणारी म्हणजे प्रेम, अशी कोष्टके तयार केली की अभिनय पुन्हा साच्यात जातो. थंडपणे, हळुवारपणे केलेला अपमान हा आरडाओरड्यापेक्षा अधिक क्रूर असू शकतो हे प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय प्रत्येक माणसाच्या शरीराला काही गुण सवयीचे असतात, आणि नट किंवा नर्तक प्रत्येक भूमिकेत त्याच सवयी घेऊन वावरतो तेव्हा प्रेक्षक त्याला 'शैली' म्हणून माफ करतो. प्रशिक्षणाचा खरा हेतू ही सवय ओळखून तिच्या विरुद्ध टोकाचा सराव करणे हा आहे : जो स्वभावतः झटकतो त्याने रेटायला शिकावे, जो सदैव आवरून असतो त्याने ओघ मोकळा सोडायला शिकावे.

नागपूरसह महाराष्ट्रातील अनेक केंद्रांवर राज्य नाट्य स्पर्धेसाठी हौशी संस्था दरवर्षी उमेदीने नाटके बसवतात. पण पुष्कळ तालमींत शब्दोच्चार, पाठांतर आणि रंगमंचावरील जागा यांवरच भर राहतो आणि हालचालीचा विचार 'इकडून तिकडे जा' एवढ्यावर संपतो. नृत्यवर्गांतही आकाराची शुद्धता तपासली जाते, गुणांची फारशी चर्चा होत नाही. यासाठी खर्चिक साधने लागत नाहीत. तालमीतील अर्धा तास निरीक्षणाला दिला, टालीवरचा हमाल, भाजीबाजारातील तराजू धरणारा हात किंवा बसथांब्यावर वाट पाहणारा माणूस यांच्यातील भार, काळ, अवकाश आणि ओघ ओळखून ते स्वतःच्या शरीरात उतरवले, तरी भूमिका बदलते. प्रेक्षकानेही पुढचे नाटक पाहताना 'अभिनय चांगला होता' एवढ्यावर न थांबता तो जड होता की हलका, थेट होता की वळणाचा, आवरलेला होता की मोकळा, हे स्वतःला विचारून पाहावे. नटाकडून चोख काम मिळवण्याचा चोखंदळ प्रेक्षकाइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.